चाचणीच्या वाफ्यातली अक्षरं

कळंबच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी भाताच्या बियाण्याचं एक लहानसं फार्म होतं. तिथे मी नोंदीचं काम करत असे. वाफ्यावाफ्यातून हिंडायचं, कुठला वाण कधी फुलला, किती उंच झाला, लोंबी भरली की पोचट राहिली, हे वहीत लिहायचं. शाळा माझी सातवीपर्यंतच झालेली. आमच्या गावात, तिकडे बुलढाण्याकडे, शाळाच सातवीला संपायची. पुढची शाळा चार कोसांवर होती, आणि चार कोस चालून शिकावं एवढी मी हुशार आहे असं घरात कुणाला वाटलं नाही. मलाही वाटलं नाही.

भाऊ रेल्वेत होता. त्याच्याबरोबर मी कर्जतला आले. दोन वर्षांत त्याची बदली भुसावळकडे झाली, आणि मी दहिवलीच्या बुद्धवाड्यात एक खोली घेऊन राहिले. एकट्या बाईला खोली मिळाली याचंच मला अप्रूप. कुणी खोदून विचारलं नाही. "कुठल्या गं तुमी?" एवढं विचारलं, आणि पाण्याची वेळ सांगितली. मी इतकी घाबरट होते की वर्षभर रोज संध्याकाळी मनात म्हणायची, आजचा दिवस निभावला.

फार्मचे मालक कर्जतातल्या जुन्या घरातले. आधी शाळेत शेतीचा विषय शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तरच म्हणत. कुठे काही वाचलं की ते करून बघितल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही. ऐंशीचं दशक सरत आलेलं. तेव्हा पंचक्रोशीत कुणाकडे नव्हता तो कॉम्प्युटर त्यांनी आणला, आणि बियाण्याच्या कोठारालगतच्या कोरड्या खोलीत ठेवला. काळा पडदा, त्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं. त्यावर एक कारकून बसायचा. माझ्या वहीतल्या नोंदी तो इंग्रजीत करून आत घालायचा. असे तीन हंगाम गेले. मग दसऱ्याच्या सुमारास त्याला बँकेत नोकरी लागली, त्याने पेढे वाटले आणि गेला.

त्या हंगामाच्या नोंदी वहीतच राहिल्या. मास्तरांनी महिनाभर वाट पाहिली, मग एका गुरुवारी मला बोलावलं.

"हे बघ," ते म्हणाले, "शेतात नोंद करणारा एक आणि मशीनवर बसणारा दुसरा, असे दोघं मला नाही परवडत. सोमवारी एक मुलगा येतोय. शेतीचा पदवीधर आहे, इंग्रजी येतं. तो दोन्ही कामं करील. तुला मी लावणी-कापणीला बोलावीन. नाही म्हणणार नाही मी तुला."

मी बरं म्हटलं. दुसरं काय म्हणणार? आजवर त्यांनी मला नोंदीवर ठेवलं हीच मेहेरबानी वाटत होती. पण लावणी-कापणी म्हणजे वर्षातले तीन-चार महिने. तेवढ्यावर दहिवलीची खोली राहत नाही. खोली गेली की गावी परत. गावी आई होती आणि आईच्या जिवावर मी. संध्याकाळी घरी जायच्या बसमध्ये बसले तेव्हा माझं बोचकं मनातल्या मनात दोनदा बांधून झालं होतं.

शनिवारी सकाळी मास्तरांची भाची आली. पुण्याला इंजिनिअर होती, माझ्याच वयाची असेल, पण मी तिला ताई म्हणायची आणि तीही मला ताईच म्हणायची. तिच्या पिशवीत फ्लॉप्या होत्या, चौकोनी, पातळ, कागदी पाकिटातल्या. ती आणि तिच्या दोघा मित्रांनी मिळून एक नवी सिस्टिम तयार केली होती. सिस्टिम म्हणजे काय हे तिने मला असं सांगितलं: मशीन सुरू झालं की त्याला आधी काहीच येत नाही. ऐकायचं कसं, दाखवायचं कसं, जपून ठेवायचं कसं, हे त्याला जी शिकवते ती सिस्टिम. आमच्या मशीनच्या पोटात जी होती ती इंग्रजीतली. ताईची मराठीतली.

मास्तर दारातच आडवे उभे राहिले.

"माझ्या मशीनमध्ये काही बसवायचं नाही. तीन हंगामांच्या नोंदी आहेत त्यात. तुझं ते नवं घातलं आणि सगळं पुसलं, तर काय करू मी?"

"मामा, मी बसवतच नाहीये. ही फ्लॉपीवरूनच चालू होते. मशीन सुरू होताना आधी फ्लॉपीत डोकावतं. तिथे सापडलं की तेच घेतं, पोटातल्या डिस्कला हात लावत नाही. बंद केलं, फ्लॉपी काढली, की मशीन होतं तसं."

"होतं तसं म्हणजे?"

"म्हणजे आम्ही आलो होतो हेसुद्धा त्याला आठवणार नाही."

मास्तरांना ते पटेना. तेव्हा आमच्या मावशी मध्ये बोलल्या. मावशी कळंबच्याच, फार्मवर सगळ्यांत जुन्या. संकर करायला त्यांच्यासारखा हात नव्हता. चिमट्याने भाताच्या फुलातले केसर काढताना श्वाससुद्धा सोडायच्या नाहीत, आणि बाकीच्या वेळी बोलणं थांबवायच्या नाहीत.

"मास्तर, तुमाला कलत नाय व्हय? आपला चाचनीचा वाफा हाय त्यो. नवा वान कोपऱ्यात लावून बघायचा. मोठ्या खाचराला हात लावायचा नाय. जमला तर जमला, नाय तर उपटून टाकायचा."

मास्तर हसले. "चल, लाव वाफा."

ताईने फ्लॉपी खाचेत सरकवली, बारीकसा खटका आडवा केला आणि बटण दाबलं. आत काहीतरी करकरलं, जात्यात खडा सापडावा तसं. लाल दिवा लागला, विझला, पुन्हा लागला. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी. मला वाटलं, तीन हंगामांच्या नोंदी गेल्याच. मग काळ्या पडद्यावर डावीकडे वर एक ओळ आली. "तयार. काय करू?"

मराठीत. वेलांट्या, काने, मात्रा सगळं जागच्या जागी. मी ते दोनदा वाचलं. मशीन मला विचारत होतं, आणि मला ते समजलं होतं.

"बसा," ताई मला म्हणाली.

"मी नको. काही बिघडलं तर?"

"बिघडायला त्यात काही नाहीच, ताई. बसा."

कळफलकावर अक्षरं इंग्रजीच होती. ताईने मराठी अक्षरांच्या बारीक चिठ्ठ्या आणल्या होत्या, पण त्या चिकटवायचा डिंक पुण्याला विसरली होती. मावशींनी डबा उघडला, भाताची चार शितं काढली, बोटावर चुरली, आणि आम्ही तिघींनी मिळून एकेक चिठ्ठी शिताने चिकटवली. बियाण्याच्या पुड्यांवर आम्ही असंच चिकटवत आलो होतो. मास्तर म्हणाले, "मुंग्या लागतील." मावशी म्हणाल्या, "लागू द्या, त्याबी शिकतील."

मग मी पहिलं अक्षर दाबलं. फ. खाली उकार. ट. पुन्हा उकार नको होता, तो ताईने पुसून दाखवला. फुटवे, वहीतल्या नोंदीचा पहिलाच शब्द. मला सगळ्यांत गंमत वाटली ती पहिल्या वेलांटीची. ती अक्षरानंतर दाबायची, पण दाबली की टुणकन उडी मारून अक्षराच्या आधी जाऊन बसायची. हाताने लिहिताना मीही तशीच मागे जाऊन वेलांटी द्यायची, कारण घाईत विसरायची. मशीन माझ्यासारखंच विसरत होतं आणि माझ्यासारखंच मागे जात होतं. मी किती वेळा 'दि दि दि' लिहिलं कुणास ठाऊक. मावशी म्हणाल्या, "ही बया दिवसभर उड्याच बघत बसनार."

त्यांचंही नाव मी लिहून दाखवलं. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी पडद्याजवळ तोंड नेलं, मागे घेतलं.

"ह्यो मी?"

"हो."

"बंद केल्यावर जाईल?"

"जाईल."

"जाऊ दे. पन मंग दोन वेला लिव."

मी दोनदा लिहिलं.

अकराच्या सुमाराला मास्तर जीप काढून ताईला कुंभिवलीला घेऊन निघाले. तिथल्या एका कारखान्यात तिला हीच सिस्टिम दाखवायची होती. तिच्याजवळ फ्लॉप्यांचा आणखी एक जोड होता, पहिला तिने माझ्यापाशी ठेवला. जाताना मास्तर म्हणाले, "या हंगामाच्या अठरा वाफ्यांच्या नोंदी घालून बघ. चार वाजता येतो. जमलं असेल तर सोमवारचा विचार करू."

सोमवारचा विचार. मी खुर्चीत होते तशीच ताठ झाले.

ताईने जीपमधून ओरडून सांगितलं, "दुसरी फ्लॉपी जपून ठेवायला आहे, ती आल्यावर दाखवते."

मी लागले. पहिल्या वाफ्याला अर्धा तास गेला. घामाने बोटं ओली झाली तर चिठ्ठ्या सुटतील म्हणून मी दर ओळीला हात पदराला पुसायची. मावशी शेजारी बसून दाणे निवडत होत्या. मी मोठ्याने वाचत लिहायची, आणि त्या सगळ्या वाफ्यांची ओळख असल्यासारख्या मान हलवायच्या. होतीच त्यांची ओळख.

"वाफा सात. उशिरा फुलला. लोंबी लांब, दाणा बारीक."

"आनि चावायला ग्वाड. ते लिव."

"ते वहीत नाही."

"माज्या तोंडात हाय की."

मी लिहिलं. चावायला गोड.

पाचव्या वाफ्यापासून बोटं आपोआप जायला लागली. दहाव्या वाफ्याला मी स्वतःशी गुणगुणत होते, आणि ते मावशींनी सांगितल्यावर मला कळलं. सातवी झालेली बाई, गावाकडून आलेली, 'मले-तुले' म्हणते म्हणून बसमध्ये लोक हसतात अशी, कॉम्प्युटरवर बसून स्वतःच्या भाषेत लिहीत होती आणि तो ऐकत होता. इतका आनंद मला बरा वाटेना. असा आनंद झाला की पाठोपाठ काहीतरी होतं, अशी माझी तेव्हा खात्रीच असायची.

अडीच वाजता अठरावा वाफा संपला. मी सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं. एक चूक होती, ती दुरुस्त केली. आणि मग मी ते केलं.

आमच्या फार्मवर चाचणीच्या वाफ्याचा एक नियम होता, मास्तरांनीच घालून दिलेला. चाचणी झाली की वाफा त्याच दिवशी मोकळा करायचा. नोंदी घेऊन झाल्यावर तिथला एक दाणाही कोठारात जाता कामा नये, नाहीतर जुन्या बियाण्यात भेसळ. तो भात आम्ही शिजवून खाऊन टाकायचो. बांधावर उभं राहून पदर झाडायचा, वहाणा झाडायच्या, मगच बाहेर. इतकी वर्षं मी ते केलं होतं, आणि सगळ्यांत चोख करायची ती मीच. शिवाय सकाळपासून मला एकच भीती होती, की या नव्यातलं काहीतरी मशीनच्या पोटात शिरेल आणि तीन हंगाम नासतील. चाचणी झाली होती. सिस्टिम चालत होती. मी बटण बंद केलं, फ्लॉप्या काढल्या, पाकिटात घातल्या, टेबल पुसलं. मग कारकुनाला करताना बघितलं होतं तसं, जुन्या पद्धतीने मशीन सुरू करून बघितलं. इंग्रजी नोंदी जशाच्या तशा होत्या. माझा जीव भांड्यात पडला. मग मशीन पुन्हा बंद केलं.

मावशी म्हणाल्या, "चोख." आम्ही दोघींनी चहा घेतला.

चार वाजता जीप आली. ताईचा चेहरा उतरलेला होता. कारखान्यातल्या साहेबांनी फ्लॉपी मशीनला शिवूच दिली नव्हती. ती आत येऊन म्हणाली, "ताई, झाल्या का नोंदी?"

"झाल्या. अठराच्या अठरा."

"दाखवा ना मामांना."

मी म्हणाले, "मोकळं केलं."

ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली. तिच्या तोंडाकडे बघून मला हळूहळू कळायला लागलं. शेतात वाफा मोकळा केला तरी नोंद वहीत राहते. इथे नोंद हेच पीक होतं. दुसरी फ्लॉपी ते लिहिलेलं उतरवून ठेवायलाच होती. सकाळचं 'त्याला आठवणार नाही' हे मी ऐकलं होतं, पण ते फक्त मशीनच्या भल्याचं आहे असं मी समजले होते.

"म्हणजे काही झालंच नाही?" मास्तर म्हणाले.

"झालं की," मावशी म्हणाल्या. "माज्या डोल्यांदेखत लिवलं तिनं."

"मग कुठाय?"

"काढून टाकलं. चाचनीचं कोठारात न्यायचं नाय. कुनी सांगितलंय? तुमीच."

सोमवार माझ्या हातानेच मी घालवला होता, आणि तोही चोखपणे. तरी तोंडातून शब्द आले, माझं मलाच नवल वाटलं. "पुन्हा फ्लॉपी घालू का? मी लिहिते. आत्ता."

"वही आण," मास्तर म्हणाले. त्यांनी वही घेतली, स्टूल ओढलं, माझ्या मागे बसले.

फ्लॉपी करकरली. तयार. काय करू? मी लिहायला लागले. वही मास्तरांच्या हातात राहिली होती, आणि ती मागायचं मला धाडस झालं नाही. पण तीन वाफे झाल्यावर लक्षात आलं, वही नको होती. हंगामभर त्या वाफ्यांतून मी चालले होते, आणि दुपारी सगळं एकदा बोटांतून गेलं होतं. मास्तर वहीत बोट ठेवून पडताळत होते.

सातव्या वाफ्याला ते म्हणाले, "चावायला गोड? हे वहीत नाही."

"ते मावशींच्या तोंडात होतं," मी म्हणाले, आणि ताई पहिल्यांदा हसली.

अकराव्या वाफ्याला मी लिहिलं: लोंबी भरगच्च, दाणा टपोरा, पण पिकल्यावर गळतो. धक्का लागला तरी ओंजळभर खाली.

"थांब," मास्तर म्हणाले. "हा वाण मागच्या वर्षीही होता. मशीनमध्ये त्याच्यापुढे 'गुड' एवढंच आहे. पुढच्या वर्षी मी तो लोकांना देणार होतो."

"मागच्या वर्षीपण गळत होता."

"मग सांगितलं का नाहीस?"

"वहीत लिहिलं होतं. कारकून म्हणाले, गळतो याला इंग्रजीत काय म्हणू? मले... मला सांगता नाही आलं. मग ते म्हणाले, लोंबी चांगली आहे ना, मग गुड."

मास्तरांनी वही मिटली. उठून कोठाराच्या दाराशी गेले. मी थांबले नाही. थांबले असते तर रडले असते, म्हणून बारावा, तेरावा लिहीत गेले. सोळाव्याला ते परत येऊन उभे राहिले आणि अठरावा होईपर्यंत पडद्यावरच वाचत राहिले. मग ताईने दुसरी फ्लॉपी घालून, माझ्या हाताने कळ दाबून घेऊन, सगळं तिच्यावर उतरवलं.

"एक सांगू?" मास्तर म्हणाले. "तू मगाशी ते ठेवलं असतंस आणि मी आयतं बघितलं असतं, तर मला वाटलं असतं हे भाचीनेच लिहून ठेवलंय."

मावशी म्हणाल्या, "मंग माफी मागा."

"कसली?"

"वाटलं असतं म्हनता, त्याची."

मास्तर हसत सुटले. ताईने विचारलं, "मग मामा, बसवू का मशीनमध्ये?"

"नाही. एक हंगाम फ्लॉपीवरच चालू दे. नव्या वाणाला मी एका दिवसात खाचरात घेत नाही." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तूपण एक हंगाम. शेत आणि मशीन, दोन्ही तुझं. त्या मुलाला मी आजच तार करतो, उगाच कशाला खेपा घालील बिचारा."

मी त्यांच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "बस चुकेल."

बस चुकलीच. जीपने त्यांनी मला दहिवलीला सोडलं, ताई पुढे, मी मागे पोत्यांवर. सगळी वाट मी मांडीवर बोटांनी अक्षरं दाबत होते. त्या जोडीच्या फ्लॉप्या पुढचा हंगाम संपेपर्यंत रोज सकाळी मी खाचेत घालायची आणि रोज संध्याकाळी काढायची. मग मास्तरांनी ती सिस्टिम मशीनमध्ये बसवायला सांगितलं. मला काय सांगितलं ते वेगळं लिहायला नको. मी तिथे नंतर कितीतरी वर्षं होते.

त्या रविवारी मी आईला पोस्टकार्ड टाकलं. कॉम्प्युटर, फ्लॉपी, वेलांटीची उडी, सगळं बारीक अक्षरात बसवलं, आणि शेवटी जागा उरली नाही म्हणून कडेला उभं लिहिलं की मी आता परत येत नाही, इथेच राहणार आहे. आईने ते शेजारच्या गुरुजींकडून वाचून घेतलं आणि त्यांच्याकडूनच उत्तर लिहवलं. त्यात होतं: तू काय काम करतेस ते मला दोनदा वाचूनही कळलं नाही. कडेला लिहिलेलं कळलं. बरं झालं. गोधडी पाठवते.